पेंडिंगचं पान

आमच्या सप्तापुरात मिशिगन कंपाऊंड नावाची एक वस्ती आहे. शाळेत असताना मी रोज संध्याकाळी मिशिगनला खेळायला जायचे आणि दिवेलागणीच्या आत घरी यायचे. माझं लग्न अमेरिकेतल्या मुलाशी ठरलं, तेव्हा अज्जी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "लांब कुठं, मिशिगनच्या जरा पुढं!" तिला स्वतःचा हा विनोद फार आवडायचा. दिवेलागणीच्या आत परत यायचं तेवढं पुढे जमलं नाही.

धारवाडबाहेरच्या वाचकाला सप्तापूर माहीत असायचं कारण नाही. उत्तर कर्नाटकातल्या पोरांना मात्र ते पक्कं माहीत असतं. सप्तापूर बावीच्या (बावी म्हणजे विहीर) आजूबाजूच्या गल्ल्यांत पाटीवर पाटी : पीयूसी, सीईटी, नीट, केएएस, पीएसआय, बँक. गदग, कोप्पळ, विजयपूरकडची मुलं येतात, पीजीत राहतात, खानावळीत ज्वारीची भाकरी नि भरली वांगी खातात आणि रात्री अकरापर्यंत गाइडं पाठ करतात. अशाच एका क्लासमध्ये मी सहा वर्षं फिजिक्स शिकवलं. घरात मराठी, शाळेत कन्नड आणि फळ्यावर इंग्रजी. बेंद्र्यांच्या घरची भाषा मराठी आणि ज्ञानपीठ मिळालं ते कन्नड कवितेला, हे धारवाडचा मराठी माणूस ओळख झाल्यावर दहाव्या मिनिटाला सांगतो. मीही सांगून मोकळी होते.

पहिली बॅच सकाळी सहाची. मुलांचे डाउट मी एका दोनशे पानी वहीत लिहून घ्यायचे. त्या दिवशी सुटला नाही तो डाउट वहीच्या शेवटच्या पानावर जायचा. पानाच्या डोक्यावर 'पेंडिंग' असं लिहिलेलं, खाली नाव, गाव, प्रश्न. सुटला की आडवी रेघ. त्या पानावर एक जरी ओळ रेघेवाचून राहिली तर मला जेवण जायचं नाही, असं आई सांगते. ती जरा वाढवून सांगते.

साखरपुडा जानेवारी २०२१ मध्ये झाला, कोरोनामुळे मोजक्या माणसांत. मुलगा न्यू जर्सीत जन्मलेला, तिकडचा नागरिक. त्याचे आई-वडील मूळचे बेळगावचे. लग्न थाटात इथंच करायचं असं अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ठरवून टाकलं होतं. पण माझ्यासाठी जो मार्ग निवडला होता तो होणाऱ्या बायकोच्या व्हिसाचा, के-वन. हा प्रकार अमेरिकेने १९७० मध्ये काढला, व्हिएतनामच्या युद्धावर गेलेल्या सैनिकांच्या तिकडच्या वाग्दत्त वधूंना आणता यावं म्हणून. त्याची अट साधी आहे आणि आपल्याकडच्या लोकांना ती समजावून सांगताना घाम फुटतो : नवराबायको होण्याआधीच अर्ज करायचा आणि व्हिसा घेऊन अमेरिकेत उतरेपर्यंत नवराबायको व्हायचं नाही. म्हणजे अक्षता नाहीत, मंगळसूत्र नाही, सप्तपदी नाही. साखरपुड्याला हारसुद्धा नकोत, असं आम्ही सगळ्यांना बजावलं होतं. तरी हुबळीच्या काकांनी खिशातून दोन शेवंतीचे हार काढलेच. "हाराशिवाय फोटो कसला की?" हार गळ्यात पडले, फोटो निघाला, आणि नेमका तोच सगळ्यात चांगला आला.

त्या फोटोने पुढे दोन वर्षं आमची झोप उडवली. फोटो द्यायचा की नाही? दिला तर लग्न झाल्यासारखं दिसतं, न द्यावा तर लपवल्यासारखं. शेवटी दिला. अर्ज मार्च २०२१ चा. मुंबईला वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वकिलातीत मुलाखतीला बोलावलं डिसेंबर २०२२ मध्ये. मधल्या काळात मी क्लास घेत होते, म्हणून ते एकवीस महिने मला जाणवले नाहीत. आता मागे पाहताना एवढं नक्की कळतं. पोलिसांचा दाखला हुबळीच्या पासपोर्ट केंद्रातून काढला, रात्रीच्या बसने बेळगाव, कोल्हापूर, पुणे करत मुंबई गाठली, मेडिकल उरकलं. खिडकीपलीकडच्या बाईंनी तो फोटो उचलला आणि हार कशाचे म्हणून विचारलं. मी म्हटलं, "आमच्याकडे नगरसेवकालाही घालतात." त्या हसल्या. व्हिसा मिळाला.

इथे माझा मूर्खपणा सांगायला हवा. के-वनवर अमेरिकेत उतरल्यावर नव्वद दिवसांत लग्न करावं लागतं, हे मला माहीत होतं. त्यानंतर तिथल्या कायम वास्तव्याचा वेगळा अर्ज करायचा, हेही माहीत होतं. पण अर्ज टाकला की आपण मोकळे, असा माझा हिशेब होता. जानेवारीत जायचं, फेब्रुवारीत लग्न, मार्चात मुलांची पीयूसीची परीक्षा आणि एप्रिलमध्ये परत येऊन सीईटीची क्रॅश बॅच घ्यायची. क्लासच्या सरांना तसा शब्द दिला होता. ११ एप्रिलचं तिकीटही काढून ठेवलं होतं. निघायच्या आदल्या दिवशी बॅच सुटताना अण्णिगेरीची एक मुलगी दाराशी आली. बॅटरी काढून घेतलेल्या कपॅसिटरच्या दोन पाट्यांमध्ये काचेची पट्टी सरकवली तर साठलेली ऊर्जा कमी होते असं पुस्तकात आहे. मग ती ऊर्जा जाते कुठं, मिस? प्रश्न सुरेख होता आणि माझी रिक्षा खाली थांबलेली. "आल्यावर सांगते," म्हटलं आणि शेवटच्या पानावर उतरवून घेतलं.

न्यू जर्सीत लग्नाचं लायसन्स अठ्ठावीस डॉलरला मिळतं. अर्ज केल्यावर बहात्तर तास थांबायचं, एक साक्षीदार आणायचा, झालं. आमचं लग्न नगरपालिकेच्या एका खोलीत सात मिनिटांत लागलं. सासूबाई पर्समध्ये अक्षता घेऊन आल्या होत्या; सही झाल्याझाल्या पार्किंगमध्ये आमच्यावर टाकल्या. मग आय-४८५ नावाचा अर्ज भरायला बसलो. फी १,२२५ डॉलर, तेव्हाच्या भावाने लाख रुपये, म्हणजे माझा साडेचार महिन्यांचा पगार. कागद नीट असावेत म्हणून एका वकीलबाईंकडे गेलो आणि मी सहज विचारलं, मधे सहा आठवडे धारवाडला जाऊन आले तर चालेल ना? त्यांनी पेन खाली ठेवलं. प्रवासाचा वेगळा परवाना, ज्याला ॲडव्हान्स परोल म्हणतात, तो हाती येण्याआधी देश सोडला तर अर्ज सोडून दिला असं धरतात. के-वनचा व्हिसा एकदाच आत येण्यापुरता, तो वापरून झालेला. परत यायचं तर पुन्हा पहिल्यापासून.

परोल हा शब्द मी तोपर्यंत हिंडलग्याच्या तुरुंगाच्या बातम्यांतच वाचला होता.

सरांना फोन केला. ते रागावले नाहीत, ते रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, ऑनलाइन घ्या की, पगार चालू ठेवतो. परत वकीलबाई. कामाचा परवाना येईपर्यंत पगारी काम नको, भारतातल्या पगाराचं असलं तरी त्या भानगडीत पडू नका. मग फुकट घेते! तेही नको, ज्या कामाचे एरवी पैसे मिळतात ते फुकट केलं म्हणून ती सेवा होत नाही, असं त्यांनी फार सभ्यपणे सांगितलं. शेवटी सरांनी हुबळीहून दुसरे मास्तर आणले. ते चांगलं शिकवतात, असं मला मुलांनीच कळवलं.

नवऱ्याचं ऑफिस, सासऱ्यांचं वाचन, सासूबाईंचं देवघर आणि मी. सकाळी पावणेपाचला डोळे उघडायचे. बाहेर एप्रिलमध्येही झाडं नागडी. मी चहा करायचे आणि इमिग्रेशन खात्याच्या वेबसाइटवर अर्जाचा नंबर टाकायचे. 'तुमची केस मिळाली आहे.' दुसऱ्या दिवशी तेच, महिन्याने तेच. एकदा सासूबाईंनी मला तिसऱ्यांदा गॅस पुसताना पाहिलं आणि म्हणाल्या, "घरातल्या कामाला परवाना लागत नाही, हे त्यांच्या बरं लक्षात आलेलं नाही." चाळीस वर्षांपूर्वी त्या स्वतः बेळगावहून आल्या, शाळेतली नोकरी सोडून. त्यांनी हे एवढ्या हलक्या आवाजात सांगितलं की मला आधी विनोदच वाटला.

मुलांचे डाउट मात्र थांबले नाहीत. फोनवर फोटो यायचे, अर्धे कन्नडमध्ये अर्धे इंग्रजीत, 'मिस, प्लीज री'. आपल्याकडचे सकाळचे सहा म्हणजे उन्हाळ्यात तिथले आदल्या रात्रीचे साडेआठ. मी जेवण आटोपून पाठकोऱ्या कागदावर गणित सोडवायचे, फोटो काढून पाठवायचे. क्लासचा काही संबंध नाही, पैशाचा नाही, ओळखीच्या मुलांना उत्तर देणं आहे. हे काम म्हणायचं की नाही? वकीलबाईंना मी ते विचारलं नाही. अण्णिगेरीच्या मुलीला उत्तर पाठवायला मात्र मार्ग नव्हता. तिच्याकडे फोनच नव्हता. पीयूसी होईपर्यंत द्यायचा नाही, असं तिच्या वडिलांनी ठरवलेलं. वही मी सोबत आणली होती. शेवटच्या पानावर तेवढी एक ओळ.

मे महिन्यात सासूबाईंच्या ओळखीतून रविवारच्या मराठी शाळेत गेले. बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ मध्ये स्थापन झालं. त्याच्या छत्राखाली अमेरिकेत गावोगाव अशा शाळा चालतात, अभ्यासक्रम ठरलेला, परीक्षेसाठी पुण्याच्या भारती विद्यापीठाशी जोड. शिकवणारे सगळे आपले आईबाप, बिनपगारी. इथे परवान्याचा प्रश्नच नव्हता, कारण मुळात पगारच कुणाला नाही. मला सात ते नऊ वर्षांची अकरा मुलं दिली.

आता गंमत अशी, की मी मराठी शाळेत कधी शिकलेच नाही. देवनागरी आली ती हिंदीच्या तासाला. ऱ्हस्व-दीर्घ माझं आजही डळमळीत आहे (हा मजकूर संपादकांनी तपासला असेल अशी आशा). त्यामुळे शनिवारी रात्री मी मुलांचंच पुस्तक घेऊन अभ्यासाला बसायचे. एका बाबतीत मात्र मी सगळ्या शिक्षकांच्या पुढे होते. ळ. मुलांना ळ येत नव्हता. 'शाला', 'काली मांजर', आणि एक मुलगा दर रविवारी डब्यात 'केली' आणायचा. कन्नड बोलत वाढलेल्याच्या तोंडात ळ जन्मापासून असतो. तो कसा शिकवायचा याचा विचारच कधी केलेला नव्हता. घरी आरशासमोर उभी राहून मी ळ म्हणत बसले, जीभ कुठे जाते ते पाहत. मग एक-एक डॉलरचे अकरा छोटे आरसे आणले. तोंड उघडा, जिभेचं टोक मागे वळवा, टाळूला टेकवा. आरशात जिभेची खालची निळसर बाजू दिसली पाहिजे. दिसली? आता हवा सोडा आणि जीभ झटकन पुढे आपटा. अकरा मुलं आरशात आपली जीभ बघत आणि लाळ गाळत 'ळळळ' करत बसली. तिसऱ्या रविवारी केळीवाल्याने डबा उघडला, केळं वर धरलं आणि अख्ख्या वर्गाला ऐकू जाईल असं म्हणाला, "केळं!" सहा वर्षांत सीईटीचे बरेच रँक आले माझ्या हाताखालून. या केळ्याचा आनंद कशातही मिळाला नव्हता.

थोड्याच दिवसांत एक पुण्याचे बाबा भेटायला आले. फार संकोचून म्हणाले, "मॅडम, मुलगा हल्ली घरी 'बस की', 'खा की' म्हणतोय. हे 'की' कुठून येतंय?" मी म्हटलं, "चुकीचं नाही की ते."

शाळेत येणारी पुण्याचीच एक ताई आमच्या मागच्या इमारतीत राहायची. तिचा नवरा नोकरीच्या व्हिसावर, ती त्याच्यावर अवलंबून म्हणून एच-फोर. एकदा तिच्याजवळ मी पाच महिने झाले म्हणून रडगाणं लावलं. तिने वरणाला फोडणी देता देता ऐकून घेतलं. त्यांचा कायम वास्तव्याचा अर्ज २०१२ नंतरचा. नोकरीच्या रांगेत त्या वर्षी, म्हणजे २०२३ मध्ये, भारतीयांचे २०११-१२ च्या आसपासचे नंबर लागत होते. नागरिकाच्या बायकोला वार्षिक कोटाच नसतो, तिला रांग म्हणून नाही; जो वेळ लागतो तो कागद हलवायचा. २०१५ च्या नियमाने ताईसारख्यांना निदान कामाची परवानगी मिळू लागली. त्याआधीची वर्षं तिने कशी काढली ते मी विचारलं नाही. "तुझं येईल गं," एवढंच ती म्हणाली आणि वाटीत वरण काढून दिलं. तिच्यासमोर मी पुन्हा महिने मोजले नाहीत.

कामाचं कार्ड सप्टेंबरात आलं, प्रवासाचा कागद डिसेंबरात. अधले तीन महिने मला कमवायची मुभा होती आणि घरी जायची नव्हती. डिसेंबरात जायची मुभा मिळाली तेव्हा वकीलबाई म्हणाल्या, मुलाखतीचं बोलावणं आता कधीही येईल, चुकवू नका. राहिले. पदवीचं तिकडच्या मापाने मूल्यांकन करून घेतलं आणि एका मिडल स्कूलमध्ये बदली शिक्षिका म्हणून जायला लागले. रोज सकाळी फोन येणार, आज कोण आजारी आहे, कुठला वर्ग. त्या नोकरीबद्दल सांगण्यासारखं फार नाही; पहिला चेक मात्र मी दोन दिवस बँकेत टाकला नाही, देवघरात ठेवला.

मुलाखत मार्च २०२४ मध्ये नेवार्कला झाली. आम्ही दोन फाइली भरून पुरावे नेले होते : एकत्र खातं, घराचा करार, विजेची बिलं, आणि अर्थात शेवंतीच्या हाराचा फोटो. जोडप्याला वेगवेगळ्या खोल्यांत बसवून प्रश्न विचारतात, मग उत्तरं ताडून पाहतात, असे किस्से तिकडे जेवणाच्या टेबलावर फार चालतात. आम्ही तर टूथपेस्टचा रंगसुद्धा घोकून गेलो होतो. तसलं काही झालं नाही. एक वयस्क अधिकारी होते. त्यांनी फाइल अर्धवट चाळली आणि विचारलं, रविवारी काय करता? नवरा म्हणाला, ती शाळेत शिकवते, मी मुलांना खाऊ वाटतो. अधिकाऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. शिकवता? कधीपासून? मे २०२३. कामाचा परवाना तर सप्टेंबरचा. पगार किती? काही नाही. काहीच नाही? माझ्या पोटात गोळा आला. मला वकीलबाईंचं ते सभ्य वाक्य आठवलं. शाळेत कुणालाच पगार नाही, असं मी सांगितलं. काय शिकवता? मला दुसरं काही सुचेना. मी म्हटलं, "ळ." त्यांनी तो म्हणून बघितला. आला नाही. चौदा मिनिटांत आम्ही बाहेर.

कायम वास्तव्याचं कार्ड एप्रिलमध्ये पोस्टाने आलं. त्याच्यावर दोन वर्षांची मुदत. लग्नाला दोन वर्षं पूर्ण झालेली नसली की कार्ड अटीवर देतात. खोट्या लग्नांना आळा म्हणून १९८६ मध्ये हा कायदा झाला. मुदत संपायच्या आधीच्या नव्वद दिवसांत पुन्हा दोघांनी मिळून अर्ज करायचा, पुन्हा बिलं, पुन्हा फोटो. सासूबाईंनी कार्ड हळदकुंकू लावून देवासमोर ठेवलं आणि विचारलं, "म्हणजे अजून पेंडिंगच का?"

डिसेंबर २०२४ मध्ये मी सप्तापूरला आले, दोन वर्षांत एक महिना कमी. अज्जीने मला दारातच थांबवून भाकरतुकडा ओवाळला आणि विचारलं, मिशिगनला बर्फ पडतो म्हणे? क्लासवर गेले. पाटी नवी होती, आणि तिच्यावर हुबळीच्या मास्तरांचा फोटो. सरांनी चहा मागवला. सहाच्या बॅचमध्ये आता दुप्पट मुलं होती. मी मागच्या बाकावर दहा मिनिटं बसले. मास्तर खरंच चांगलं शिकवतात.

अण्णिगेरीची मुलगी कर्नाटक कॉलेजात बीएस्सी करते आहे, असं तिच्या पीजीच्या मावशींकडून कळलं. संध्याकाळी ती बावीजवळच्या गिरमिटाच्या गाड्याशी भेटली. आता हातात फोन होता. मी पिशवीतून वही काढली, शेवटचं पान उघडलं.

"कुठला डाउट, मिस?"

मी वाचून दाखवला. तिला आठवेना. सीईटीला त्यातलं काही आलं नव्हतं म्हणाली. तरी मी गाडीवाल्याकडून कागदाचा एक तुकडा घेतला, दोन पाट्या काढल्या, मधे पट्टी काढली. बॅटरी नाही, म्हणजे पाट्यांवरचा चार्ज आहे तेवढाच राहणार. पट्टी तोंडाशी आणली की पाट्या तिला आत ओढतात. तुला ढकलावी लागत नाही. उलट हळूहळू आत जावी म्हणून धरून ठेवावी लागते. ओढण्याचं ते काम कुणी केलं? तिथं गेली ऊर्जा. ती गिरमिट खात ऐकत होती. कागदावर तेलाचा डाग पसरत पट्टीपर्यंत आला होता.

"हौद्री, मिस," ती म्हणाली. मग जरा थांबून, "पण सोडून दिली तर पट्टी दुसऱ्या बाजूनं बाहेर नाही पडणार?"

तेवढ्यात तिची बस दिसली आणि ती पळत सुटली. मी पेन काढलं, जुन्या ओळीवर रेघ मारली आणि तिच्याखाली नवी ओळ लिहायला घेतली.